डोळ्यात फूल पडतं म्हणजे काय होतं?

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यात एक गैरसमज हमखास कानावर येतो: मृत माणसाचा अख्खा डोळा काढून दुसऱ्याला बसवतात. तसं होत नाही. दृष्टी परत मिळवून देण्यासाठी बसवतात तो फक्त कॉर्निया. बुबुळावरचा हा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या कडेपासून पांढरा स्क्लेरा सुरू होतो आणि डोळ्याला मागेपर्यंत वेढतो. दोन्ही बनलेत मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे. मग एक आरपार आणि दुसरा पांढरा का?

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, हे नेहमीचं उत्तर अपुरं आहे. स्क्लेरातही त्या थोड्याच असतात. खरी गंमत तंतूंच्या मांडणीत आहे. कॉर्नियातले तंतू सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचे, सगळे जवळपास सारखे, आणि एकमेकांपासून साधारण सारख्याच अंतरावर. हे अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा (४०० ते ७०० नॅनोमीटर) बरंच कमी आहे. प्रत्येक तंतू थोडा प्रकाश विखुरतोच. पण मांडणी नियमित असल्यामुळे आडव्यातिडव्या निघालेल्या लहरींपैकी एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगटावर येतो आणि त्या एकमेकींना पुसून टाकतात. सरळ पुढे जाणाऱ्या लहरींचे उंचवटे मात्र एकमेकांशी जुळलेले राहतात, म्हणून प्रकाश आत पोचतो. शास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मध्ये हे स्पष्टीकरण मांडलं. मांडणी स्फटिकाइतकी काटेकोर असायची गरज नाही, शेजारच्या तंतूंपुरती शिस्त पुरते, हे पुढे लक्षात आलं. मला यात निसर्गातलं सर्वांत देखणं भौतिकशास्त्र दिसतं.

स्क्लेरातले तंतू मात्र लहान-मोठे आणि उलटसुलट विणलेले. तिथे लहरी एकमेकींना पुसत नाहीत. सगळे रंग विखुरतात, म्हणून तो पांढरा. पण ही वीण चिवट असते. डोळा फिरवणारे स्नायू तिलाच जोडलेले आहेत.

कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर सतत पाणी बाहेर उपसत असतो. तो निकामी झाला की कॉर्निया फुगतो, तंतूंमधली अंतरं बिघडतात आणि पडदा धुरकट होतो. जखमेनंतर फूल पडतं, म्हणजे कॉर्नियावर पांढरा डाग येतो, तेही असंच: नवे तंतू वेडेवाकडे भरतात. मध घालून किंवा मंत्र म्हणून फूल उतरवणाऱ्यांना हे तंतू पुन्हा ओळीत लावता येत नाहीत. उलट उपचाराचा मोलाचा वेळ जातो. नेत्रदान केलं तर पुढच्या जन्मी आंधळेपण येतं, ही भीतीही निखालस खोटी आहे.

मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावं. दान केलेला स्क्लेराही वाया जात नाही. काचबिंदूच्या काही शस्त्रक्रियांत त्याचं ठिगळ लावतात.