आदानप्रदान अनुदान आणि संयुक्त प्रकल्प अनुदान: फरक नेमका कुठे?

दोन देशांमधील वैज्ञानिक आणि सांस्कृतिक संबंध दृढ करण्यासाठी निघणाऱ्या अनुदानांच्या जाहिराती एकाच साच्यातल्या वाटतात. द्विपक्षीय सहकार्य, संयुक्त प्रस्ताव, परस्परलाभ हे शब्द प्रत्येकीत असतातच. प्रत्यक्षात त्यांत दोन वेगळे प्रकार असतात. आदानप्रदान अनुदान माणसांच्या जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च उचलते, तर संयुक्त प्रकल्प अनुदान कामाचा खर्च उचलते. म्हणून जाहिरातीच्या मथळ्याआधी अंदाजपत्रकाचा तक्ता वाचावा, असे माझे मत आहे. कोणत्या खर्चाला रकाना आहे आणि कोणत्याला नाही, यावरून सारे उघड होते.

भारताचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग आणि जर्मनीची ‘डाड’ ही शैक्षणिक आदानप्रदान संस्था मिळून जी व्यक्ती-आदानप्रदान योजना चालवतात, ती पहिल्या प्रकारातली. माटुंग्यातल्या एखाद्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेला तिच्यातून स्वतःला आणि आपल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला जर्मन सहकाऱ्याच्या प्रयोगशाळेत काही आठवडे नेता येईल. मात्र त्याच अर्जात मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्राचा नवा कॉलम, द्रावके आणि प्रकल्प साहाय्यकाचे मानधन मागितले, तर ते मंजूर होणार नाही. दोन्हीकडचे मूळ संशोधन आधीच अन्य पैशांवर चालू आहे, असे ही योजना गृहीत धरते.

दुसऱ्या प्रकारात हेच गृहीत उलटे होते. १९८७ मध्ये स्थापन झालेले आणि दिल्लीहून चालणारे भारत-फ्रान्स केंद्र, म्हणजे ‘सेफिप्रा’, संयुक्त संशोधनासाठी साहित्य, मनुष्यबळ आणि प्रवास या सर्वांचा विचार करून पैसे देते. गुरुग्रामच्या भारत-जर्मनी विज्ञान-तंत्रज्ञान केंद्राची ‘दोन अधिक दोन’ योजना आणखी पुढे जाते, कारण तिच्यात प्रत्येक देशातून एक संशोधन संस्था आणि एक उद्योग असे भागीदार लागतात. नवख्याला हे जड जाते. परदेशी सहकाऱ्याशी एकत्र काम केल्याचा काहीच पुरावा हाती नसेल, तर आधी आदानप्रदान अनुदान घेऊन एखादा संयुक्त शोधनिबंध पदरात पाडून घेणे अधिक शहाणपणाचे.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सहसा समान असते. अर्ज दोन्ही देशांत करावा लागतो आणि सहकाऱ्याने आपल्या बाजूला तो भरला नाही, तर इथला अर्जही विचारात घेतला जात नाही. शिवाय बहुतेकदा प्रत्येक सरकार आपल्याच बाजूच्या संशोधकांना पैसे देते. एखाद्या मुंबईकर विश्वस्त संस्थेने परदेशी सरकारच्या सांस्कृतिक निधीतून थेट रक्कम घेतली, तर मात्र प्रकरण निराळे होते. ती विदेशी अंशदान ठरते, त्यासाठी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि विदेशी अंशदान नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते.

सांस्कृतिक क्षेत्रातही हीच विभागणी दिसते. मौलाना आझादांनी १९५० मध्ये स्थापन केलेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद कलापथके परदेशी पाठवते, तो आदानप्रदानाचा नमुना. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१७ मध्ये ब्रिटिश संग्रहालय आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्यासह भरलेले ‘भारत आणि जग’ हे प्रदर्शन हा संयुक्त कामाचा. अशा कामात विमान तिकिटांपेक्षा वस्तूंचा विमा, पेट्यांची बांधणी, दालनातले तापमान आणि आर्द्रता यांचाच घोर अधिक असतो, आणि निव्वळ प्रवासखर्च देणाऱ्या अनुदानात यातले काहीच बसत नाही.

हिशेबातही फरक पडतो. आदानप्रदानात भेटीच्या तारखा, तिकिटे आणि बोर्डिंग पास जपून ठेवले की बरेचसे काम भागते. प्रकल्पात दरवर्षी प्रगती अहवाल आणि यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, द्यावे लागते. त्याशिवाय निष्पन्न होणाऱ्या पेटंटवर कोणाचा किती हक्क, हा करार दोन्ही संस्थांना करावा लागतो. त्याचा मसुदा विधी विभाग, कुलसचिव आणि परदेशी संस्थेचे वकील यांच्यात फिरत राहतो, म्हणून त्याची बोलणी प्रस्ताव लिहितानाच सुरू करावीत.