मधातलं औषध पाणी लागल्यावर जागं होतं

मागच्या महिन्यात आमच्या वहिनींच्या मनगटावर कुकरची वाफ आली. भाकरीचं पीठ मळता मळता शिट्टी उचलायला गेल्या, एवढंच निमित्त. मी पोचलो तेव्हा हात नळाखाली होता, हे बरं झालं. पण ओट्यावर मधाची बाटली उघडी होती आणि पुतण्या मोबाइलवरचा मेसेज मोठ्याने वाचत होता: भाजल्यावर लगेच मध लावा, डॉक्टरकडे जायची गरज नाही. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही केमिस्ट्री शिकवता की ओ. लावू का नको?"

मी म्हटलं, आधी वीस मिनिटं पाणी, मग डॉक्टर. बाकीचं उत्तर त्या वीस मिनिटांत मावण्यासारखं नव्हतं.

गंमत अशी, की भाजलेल्या जखमेवर मध चालतो का, हे आधुनिक पद्धतीने मोजायला घेणाऱ्यांत आपलं सोलापूर फार वर आहे. वैशंपायन मेडिकल कॉलेजचे सर्जन डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त एक निबंध छापला. वरवर भाजलेले 104 रुग्ण. निम्म्यांना मधाची पट्टी, निम्म्यांना तेव्हाचं ठरलेलं औषध, सिल्व्हर सल्फाडायझिन. सात दिवसांत मधाच्या गटातल्या 91 टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, सिल्व्हरच्या गटात फक्त 7 टक्क्यांत संसर्ग आटोक्यात आला. पंधरा दिवसांत भरून आलेल्या जखमा इकडे 87 टक्के, तिकडे 10. पुढे त्यांनी मधाची तुलना उकडलेल्या बटाट्याच्या सालींशीही केली. सालींची पट्टी हा विनोद नाही, त्या काळी स्वस्त ड्रेसिंग म्हणून ती खरंच वापरायचे.

गावचा माणूस म्हणून छाती फुगते. पण 91 विरुद्ध 7 असा फरक दिसला की शास्त्राच्या विद्यार्थ्याने भुवई उंचावायलाच हवी. मधाची पट्टी कुठली, हे वासावरून नर्सलाही कळतं आणि रुग्णालाही, म्हणजे कोणाला काय लावलं हे लपवून चाचणी 'आंधळी' ठेवता येत नाही. शिवाय सिल्व्हर सल्फाडायझिन स्वतःच जखम भरायला उशीर लावतं असं नंतर लक्षात आलं, म्हणजे शर्यत लंगड्या घोड्याशी होती. 2015 मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्याने सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष असा: मध्यम खोलीच्या भाजण्यात मधाने जखम नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरते. शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमेलाही फायदा दिसतो. मधुमेहाच्या पायाच्या जखमेबद्दल मात्र ठाम काही सांगता येत नाही.

आता माझ्या आवडीची गोष्ट.

मधात जंतू का वाढत नाहीत, याचं अर्धं उत्तर आपल्या लोणच्या-मुरंब्यातच आहे. मधात पाणी जेमतेम 17-18 टक्के, बाकी जवळजवळ सगळी साखर. आहे ते पाणीही साखरेच्या रेणूंनी धरून ठेवलेलं. जंतू त्यात पडला तर मधच त्याचं पाणी ओढून घेतो. पण जखमेवर मध लावला की खालून लस, म्हणजे जखमेतलं पाणी, झिरपते, मध पातळ होतो, आणि पातळ साखर म्हणजे जंतूंना मेजवानी. मग तेव्हा काय होतं?

1937 मध्ये जर्मन संशोधकांना पातळ केलेल्या मधातही जंतुनाशक काहीतरी सापडलं. काय ते कळेना, म्हणून नुसतं नाव दिलं: 'इनहिबिन'. ते ओळखायला 1963 उजाडलं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जोनाथन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हे इनहिबिन म्हणजे मेडिकलच्या दुकानात मिळतं तेच हायड्रोजन पेरॉक्साइड. पण मधात ते साठवलेलं नसतं. लागेल तेव्हा तिथल्या तिथे तयार होतं.

कारखाना आहे एका एन्झाइमचा, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचा: ग्लुकोज ऑक्सिडेज. मधमाशीच्या डोक्यातल्या ग्रंथींतून ते मकरंदात मिसळतं. पोळ्यात आणलेला मकरंद पाण्यासारखा पातळ असतो, पंखांनी वारा घालून माश्या तो आटवतात, आणि आटेपर्यंत तो आंबू नये म्हणून हे एन्झाइम राखण करतं. मध पिकला की पाणी संपलेलं आणि आम्लता वाढलेली (सामू, म्हणजे पीएच, 4 च्या आसपास; आकडा जितका कमी तितकं आंबट). एन्झाइमला सामू 6 च्या जवळ लागतो. ते झोपतं. जखमेतली लस पाणीही देते आणि आम्लताही कमी करते. ते उठतं.

उठल्यावर काय करतं ते जरा बारकाईने बघू. एन्झाइमच्या खोबणीत एफएडी नावाचा एक रेणू बसलेला असतो, हमालासारखा. ग्लुकोजचं बीटा रूप खोबणीत आलं की पहिल्या कार्बनकडचे दोन हायड्रोजन एफएडी उचलतो. ग्लुकोजचं ग्लुकोनोलॅक्टोन होतं, ते पाण्यात ग्लुकोनिक आम्ल बनतं. हमालाच्या डोक्यावरचं ओझं हवेतला ऑक्सिजन घेतो: ओ-टू अधिक दोन एच, म्हणजे एच-टू-ओ-टू. हमाल मोकळा, पुढचं ग्लुकोज हजर. ही भाषा जड वाटली असेल तर घरातलं उदाहरण घ्या. शुगर तपासायच्या अनेक पट्ट्यांवर हेच एन्झाइम असतं, फक्त माशीऐवजी बुरशीकडून घेतलेलं. म्हणजे ज्या रुग्णाच्या बोटाला रोज सुई टोचते, त्याच्या पट्टीवर आणि मधाच्या बाटलीत एकच यंत्र.

आणि यातली खरी नजाकत प्रमाणात आहे. बाजारातलं तीन टक्क्यांचं पेरॉक्साइड जखमेवर ओतलं की फेस येतो, जंतूंबरोबर आपल्या नव्या पेशीही होरपळतात, आणि रक्तातलं कॅटॅलेज नावाचं एन्झाइम काही क्षणांत ते संपवून टाकतं. मधातलं पेरॉक्साइड त्याच्या साधारण हजाराव्या भागाइतकं, पण ठिबक सिंचनासारखं थेंबथेंब, तासन्‌तास. डाळिंबवाल्यांना हे जास्त समजवायला नको.

ओट्यावरच्या बाटलीची अडचण इथेच होते. हे एन्झाइम उष्णतेने आणि उजेडाने मरतं. कंपन्या मध तापवून गाळतात, आणि मग बाटली दुकानाच्या काचेत सोलापूरच्या उन्हाळ्यात उभी. गोडी शाबूत, कारखाना बंद. रस्त्यावर बादलीतून पिळून देतात तो आग्या मोहळाचा मध तापवलेला नसेल, पण त्यात क्लॉस्ट्रिडियम या विषारी जंतूचे बीजाणू असू शकतात. म्हणूनच एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवायचं नाही, बारशाला आजीने कितीही आग्रह केला तरी. जखमेसाठीचा वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. किरणांनी बीजाणू मरतात, एन्झाइम बहुतांशी टिकतं. अमेरिकेत अशा मधाच्या ड्रेसिंगला 2007 मध्ये परवानगी मिळाली. न्यूझीलंडच्या मानुका मधाची तऱ्हा वेगळी, त्याचा मारा मुख्यतः मिथाइलग्लायऑक्झल या पदार्थाचा. तो तिथल्या मानुका झुडपाच्या मकरंदातून येतो, आपल्या करडई-सूर्यफुलातून नाही. त्यामुळे मानुकाचे निकाल दाखवून दुसराच मध विकणाऱ्यापासून सावध.

चेहऱ्याला मध लावण्याचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. मध ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे धुतल्यावर त्वचा मऊ लागते. मुरमांवर न्यूझीलंडमध्येच कानुका या दुसऱ्या झुडपाच्या मधाची रीतसर चाचणी झाली, फायद्याचा पुरावा मिळाला नाही. रीलमधला मध-लिंबाचा लेप मात्र आपल्या गावात धोक्याचा. लिंबातली फ्युरोकौमरिन नावाची द्रव्यं त्वचेवर राहिली आणि वर ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात, नंतर काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. गोरं व्हायला म्हणून लावायचं आणि डाग घेऊन बसायचं.

घरगुती 'शुद्धतेच्या परीक्षा'ही सोडून द्या. कुत्रा चाटत नाही, वात पेटते, थेंब तळाला बसतो: घट्ट साखरेचा पाकही तळाला बसतो. 2020 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या दिल्लीच्या संस्थेने 13 ब्रँड तपासले, सगळ्या चाचण्यांत टिकले फक्त तीन. ती भेसळ पकडायला रेणूंची रचना ओळखणारं एनएमआर यंत्र लागलं. तिथे कुत्रा काय करणार?

वहिनींचा हात डॉक्टरांच्या मलमाने तीन आठवड्यांत बरा झाला. बाटली तशीच फडताळात राहिली. परवा, गड्डा जत्रेच्या थंडीत, त्यांनी ती उजेडात धरली. खाली पांढरा दाणेदार थर. "बघा, साखरच निघाली," म्हणून टाकायलाच निघाल्या होत्या. लेबलवर सूर्यफूल लिहिलं होतं. सूर्यफुलाच्या मधात ग्लुकोज जास्त, आणि ते थंडीत आधी गोठतं. मी बाटली हातातून काढून घेतली आणि तो थर चमच्याने खरवडून कडक भाकरीवर पसरला.