पिशवीच्या तोंडावरचा पांढरा डाग

आमच्याकडं कोल्हापूर भागात बायका अजून हळू आवाजात एकमेकींना सांगतात, "पिशवीच्या तोंडाला जखम झालीय म्हणाले, काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल." आणि पस्तिशीतली चांगली धडधाकट बाई घाबरून पिशवी काढून घेते. 2019 ला बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या बातम्या आल्या, हजारो जणींच्या पिशव्या काढलेल्या, तेव्हा सगळे हळहळले, पण ही भीती काय एकट्या बीडची नाही. ही जी जखम म्हणतात ती बऱ्याचदा जखम नसतेच. आणि खरंच काही गडबड असेल तर ती दाखवायला व्हिनेगरमध्ये असतं तेच पातळ केलेलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, एक मिनिट, चांगला उजेड आणि शिकलेली नजर एवढ्यावर बरंच भागतं.

गर्भाशयाच्या तोंडावर दोन प्रकारच्या पेशी भेटतात. बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे थरावर थर, म्हणून तो भाग फिकट गुलाबी. आतल्या नळीत उभट पेशींचा एकच थर, त्याखालच्या रक्तवाहिन्या आरपार दिसतात म्हणून तो लालबुंद. वयात येताना, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना इस्ट्रोजेन या हार्मोनमुळं हा आतला लाल भाग बाहेरच्या बाजूला उलगडतो. नुसत्या डोळ्याला तो सोलवटल्यासारखा दिसतो आणि तिथं जखम हा शब्द चिकटतो. बहुतेक वेळा त्याला काहीच करावं लागत नाही.

योनीमार्गात मात्र लॅक्टिक अ‍ॅसिड असतं, पीएच साधारण 4. त्या आंबट वातावरणात उघड्या पडलेल्या नाजूक उभट पेशींच्या जागी हळूहळू चपट्या पेशी तयार होत जातात. बदल चालू असलेला हा पट्टा म्हणजेच एचपीव्ही विषाणूची आवडती जागा. बहुतेक बायकांचं शरीर दोनेक वर्षांत हा विषाणू हटवतं. काहींच्यात तो मुक्काम ठोकतो, त्याची ई6 आणि ई7 ही प्रोटीनं पेशीतल्या पी53 आणि आरबी या राखणदार प्रोटीनांना निकामी करतात, मग पेशी वेळ नसताना विभागत सुटते, केंद्रक मोठं होतं, पक्व व्हायचं राहूनच जातं. इथून कॅन्सरपर्यंत जायला साधारण दहा-वीस वर्षं लागतात. म्हणजे पकडायला वेळच वेळ असतो.

आता माझा आवडता भाग. 3 ते 5 टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा बोळा तिथं लावला की पेशीतली प्रोटीनं, विशेषतः केंद्रकातली, तात्पुरती गोठतात. अंड्यातला पारदर्शक भाग तव्यावर पांढरा होतो तसंच, फक्त इथं ते थोड्या वेळानं पूर्ववत होतं. निरोगी चपट्या पेशींत वरच्या थरांना केंद्रकं बारकी आणि प्रोटीन कमी, म्हणून उजेड आत जातो, खालच्या रक्ताला लागून परत येतो आणि आपल्याला गुलाबी दिसतं. बिघडलेल्या भागात मोठमोठी केंद्रकं वरपर्यंत खच्चून भरलेली, ती गोठली की उजेड आत शिरतच नाही, वरूनच परततो, आणि ठळक कडांचा पांढरा डाग उमटतो. बिघाड जास्त तितका डाग दाट, आणि तितका उशिरा विरतो. मग आयोडीन लावतात. निरोगी पेशींत ग्लायकोजेन असतं, ते गडद तपकिरी होतं, बिघडलेल्या पेशींत ते नसतं, तो भाग पिवळाच राहतो. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकलेलं आठवत असेल, त्याच जातीची रिअ‍ॅक्शन.

माझी कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून पिशवीचं तोंड मोठं करून बघायची तपासणी, झाली राजारामपुरीत, जिथं माझी बाळंतपणं झाली त्याच दवाखान्यात. मॅडम म्हणाल्या, "गार लागंल गं थोडं, पाय सैल सोड," आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. मिनिटभरात गुलाबीवर वरच्या कडेला भाताच्या शिताएवढा पांढरा ठिपका आला. सूज असली तरी फिकट पांढरं दिसू शकतं, म्हणून डाग दिसला की कॅन्सर असं नाही, म्हणूनच काही मिलिमीटरचा तुकडा बायोप्सीला घेतात. एक चिमटा बसला, रक्त थांबवायला पिवळट-तपकिरी पेस्ट लावली, तिच्यामुळं दोन दिवस काळपट जातं, त्याला घाबरायचं नाही. रिपोर्ट आला सीआयएन 2, म्हणजे कॅन्सर नाही, त्याच्या बऱ्याच आधीची पायरी. मग त्याच टेबलावर थर्मल अ‍ॅब्लेशन: साधारण 100 डिग्रीचा प्रोब अर्धा-एक मिनिट टेकवून तेवढ्याच पेशी जाळतात. पिशवीच्या तोंडाच्या पृष्ठभागावर वेदनेच्या नसा कमी, म्हणून पाळीसारखी कळ येते, बास. भूल दिली नाही, संध्याकाळी घरी भाकरी केली. नंतर काही आठवडे पाण्यासारखं जातं आणि महिनाभर संबंध टाळायचे.

इथं एक बोलायलाच पाहिजे. अंगावरनं पांढरं गेलं की शरीरातली ताकद जाते, हाडं झिजतात, हे साफ खोटं. रंग, वास बदलला, खाज आली तर तपासा, नाहीतर ते नैसर्गिक आहे. आणि इन्स्टावर 'पिशवी डिटॉक्स'च्या गोळ्या, धुरी, वाफ विकणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नका, आतलं आंबट वातावरण शरीर स्वतः राखतं, त्यात ढवळाढवळ केली की बिघडतंच. व्हिनेगरचा प्रयोगही घरी करायचा नाही!

ही तपासणी कामाची आहे हे आपल्याच राज्यात दिसलंय. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनं सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला, डॉक्टर नाही तर शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून बघायच्या, आणि या कॅन्सरनं होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. धाराशिव जिल्ह्यातल्या अभ्यासात, त्याचे निकाल 2009 ला आले, एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टनं मृत्यू जवळपास निम्मे झाले. परवडत असेल तर तीच करा, ती नजरेवर अवलंबून नसते.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांना दर पाच वर्षांनी ही अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची तपासणी सांगितलीय. "पाळी गेल्यावर बघू" असं म्हणू नका, कारण पाळी गेल्यावर तो बदलाचा पट्टा नळीत आत सरकतो आणि अ‍ॅसिड लावूनही डाग दिसायची खात्री राहत नाही.