कमांड लाइनवरून योग्य प्रोग्राममध्ये फाइल उघडणे

टर्मिनलमध्ये फक्त फाइलचे नाव द्यायचे आणि ती कोणत्या प्रोग्राममध्ये उघडायची हे ऑपरेटिंग सिस्टिमला ठरवू द्यायचे, अशी ही पद्धत आहे. फाइल मॅनेजरमध्ये डबल क्लिक केल्यावर जे घडते, तेच येथे एका कमांडने घडते. मॅकओएसवर ही कमांड 'ओपन', विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'स्टार्ट', पॉवरशेलमध्ये 'इन्व्होक-आयटम' आणि लिनक्स डेस्कटॉपवर 'एक्सडीजी-ओपन' आहे. वेबपत्ता दिला तर पहिल्या दोन्ही कमांड आणि 'एक्सडीजी-ओपन' ब्राउझर उघडतात.

शेलला, म्हणजे टर्मिनलमधील कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, स्वतःला पीडीएफ किंवा छायाचित्र म्हणजे काय हे ठाऊक नसते. निर्णय दोन टप्प्यांत होतो: आधी फाइलचा प्रकार ओळखायचा, मग त्या प्रकारासाठी नेमलेला प्रोग्राम शोधायचा. लिनक्सवर प्रकार माइम पद्धतीने लिहितात. ही पद्धत 1992 मध्ये ईमेलमधून मजकुराखेरीज इतर गोष्टीही पाठवता याव्यात म्हणून आली. पुढच्याच वर्षी 'मेलकॅप' या फाइलचे स्वरूप ठरले. कोणत्या माइम प्रकारासाठी कोणता प्रोग्राम चालवायचा, याची ती साधी यादी असते. डेबियन या लिनक्स-आवृत्तीतील 'रन-मेलकॅप' ही कमांड आजही ती वाचते.

डेस्कटॉपवर मात्र प्रत्येक प्रोग्राम आपल्या 'डेस्कटॉप' फाइलमध्ये आपण कोणते प्रकार हाताळतो हे जाहीर करतो आणि वापरकर्त्याची निवड 'माइमॲप्स.लिस्ट' या फाइलमध्ये राहते. ती साधी मजकूर-फाइल असल्याने हातानेही बदलता येते, पण 'एक्सडीजी-माइम' वापरणे अधिक बरे: प्रकार विचारणे, नेमलेला प्रोग्राम विचारणे आणि नवा नेमणे ही तिन्ही कामे ती करते. चुकीचा प्रोग्राम उघडत असेल, तर आधी प्रकार विचारून पाहावा. प्रकारच चुकीचा ओळखला जात असेल, तर प्रोग्राम कितीही वेळा बदलला तरी उपयोग होत नाही. 'एक्सडीजी-ओपन' स्वतः फारसे काही ठरवत नाही. कोणता डेस्कटॉप (ग्नोम, केडीई वगैरे) चालू आहे ते पाहून ती बहुधा त्याच्याच कमांडकडे काम सोपवते.

प्रकार ओळखायचा तो नावावरून की आतल्या मजकुरावरून, हा या विषयातला खरा कठीण प्रश्न आहे. विंडोज मुख्यतः एक्स्टेन्शनवर, म्हणजे नावातील शेवटच्या टिंबानंतरच्या अक्षरांवर, चालते. युनिक्समधील 'फाइल' ही कमांड 1973 पासून आतले बाइट तपासत आली आहे. पीएनजी, पीडीएफ यांच्या सुरुवातीला ठरावीक खुणा असतात, त्यामुळे नाव बदलले तरी त्या ओळखू येतात. पण वर्डची 'डॉकएक्स' फाइल मुळात झिप असते आणि दोन्हींच्या सुरुवातीची खूण एकच असते. म्हणून नाव आणि मजकूर दोन्ही पाहणारी व्यवस्थाच भरवशाची ठरते. जुन्या मॅकवर प्रत्येक फाइलसोबत प्रकाराचा आणि ती बनवणाऱ्या प्रोग्रामचा असे चार-चार अक्षरांचे दोन संकेत असत. एकाच प्रकारच्या दोन फाइली आपापल्या मूळ प्रोग्राममध्ये उघडत, ही सोय फार नेमकी होती. 2005 मध्ये मॅक ओएस एक्स 10.4 सोबत नवी प्रकार-ओळख पद्धत आली.

मॅकची 'ओपन' ही कमांड नेक्स्टस्टेप या मॅकओएसच्या पूर्वज ऑपरेटिंग सिस्टिममधून आलेली आहे. 'ए' पर्याय देऊन हवा तो प्रोग्राम सांगता येतो, मोठा 'आर' दिल्यास फाइल उघडण्याऐवजी फाइंडर या मॅकच्या फाइल मॅनेजरमध्ये दाखवली जाते. 'स्टार्ट' वापरताना एक अडचण हमखास येते: अवतरणचिन्हांतील पहिला मजकूर ती खिडकीचे शीर्षक मानते. त्यामुळे नावात मोकळी जागा असलेली फाइल उघडायची तर आधी रिकामी अवतरणचिन्हे द्यावी लागतात.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या कमांड बहुधा प्रोग्राम सुरू करून लगेच परततात. पुढच्याच ओळीत तात्पुरती फाइल पुसली, तर प्रोग्रामने ती वाचण्याआधीच नाहीशी होऊ शकते. थांबायचे असेल तर मॅकवर मोठा 'डब्ल्यू' आणि विंडोजवर 'वेट' हे पर्याय आहेत. 'एक्सडीजी-ओपन'ला तसा पर्याय नाही, तिथे प्रोग्राम थेट नावाने चालवावा.

विंडोजवर अनोळखी फाइलबाबत जास्त काळजी घ्यावी लागते. 'स्टार्ट'ला बॅच फाइल (कमांडची यादी असलेली फाइल) दिली तर ती उघडून दाखवली जात नाही, चालवलीच जाते.