ओव्हन चुकतोय की कमी पडतोय?

आठ-दहा वर्षं वापरलेल्या, कपाटात बसवलेल्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये केक मधोमध कच्चा राहायला लागला की आपल्याकडं एकच निदान ऐकू येतं: थर्मोस्टॅट (तापमान बघून कॉइलची वीज चालू-बंद करणारा भाग) गेला. शेजारच्या वहिनी तेच सांगतात, दुकानदार तेच सांगतो आणि मेकॅनिक ओव्हन उघडायच्या आधीच तेच सांगतो. नवा थर्मोस्टॅट बसतो, पैसे जातात, आणि दिवाळीला नानकटाईचे ट्रे पुन्हा गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत पाठवायची वेळ येते. हे इतक्या घरांत होताना बघितलंय की आता सविस्तर लिहायलाच हवं.

बिघाड दोन जातींचे आहेत. काही ओव्हन तापमान मोजायला चुकतात. काहींचं मोजमाप अगदी बरोबर असतं, पण लागेल तेवढी उष्णता त्यांच्याकडून तयार होत नाही किंवा झालेली आत टिकत नाही. पहिला चुकणारा, दुसरा कमी पडणारा. दोन्हींत केक कच्चाच निघतो, म्हणून घोळ होतो.

चुकणारा ओव्हन बहुतेकांना माहीत असतो. नॉब १८० वर, आत सरासरी १६०. फरक रोजचाच आणि जवळपास तेवढाच. नॉब २०० वर ठेवला की काम भागतं. यावर जास्त काही सांगायला नको.

फक्त एक गोष्ट आधी बाजूला काढू या. आतलं तापमान एका आकड्यावर उभं राहत नाही, ते सतत वरखाली होत असतं. जुन्या मेकॅनिकल थर्मोस्टॅटवर १८० ला ठेवलेला चांगला ओव्हनसुद्धा १९५ पर्यंत चढतो आणि १६५ पर्यंत उतरतो. त्यामुळं थर्मामीटर एकदाच बघून ‘पंधरा अंश कमी दाखवतोय’ म्हणणं निरर्थक आहे. ओव्हन सुरू करून अर्धा तास तरी जाऊ द्या, मग दोन-तीन फेऱ्यांतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा टिपा आणि मधला धरा. थर्मामीटर मधल्या जाळीवर मधोमध हवा, भिंतीला टेकलेला नको. तोही आधी तपासून घ्या. पाण्यात बुडवता येणारा असेल तर खळखळ उकळत्या पाण्यात धरा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, त्यामुळं इथं पाणी १०० नव्हे, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ९८ दिसलं तर थर्मामीटर बरोबर आहे. उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, भट्टीवर काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडचं के-टाइप थर्मोकपलचं, म्हणजे तारेच्या टोकानं तापमान मोजणारं, मीटर मागून आणा, ते सगळ्यात उत्तम. दुरून तापमान मोजणारी लेझरची बंदूक मात्र नको. ती हवेचं तापमान मोजतच नाही, पृष्ठभागाचं मोजते, आणि चकचकीत स्टीलवर तर साफ खोटा आकडा देते. तिच्या भरवशावर ओव्हन दुरुस्त करायला निघालेल्या माणसाला मी ओव्हनला हात लावू देणार नाही.

आता खरा मुद्दा. ओव्हनवर एक छोटा दिवा असतो, बहुधा लाल किंवा पिवळा. कॉइलला वीज जात असते तोवर तो पेटलेला असतो. आपण तो एकदाच बघतो, विझला की ट्रे आत सरकवायचा म्हणून. पण सगळं निदान त्या दिव्यात आहे. दिवा पेटलेला म्हणजे थर्मोस्टॅट म्हणतोय, अजून उष्णता हवी. विझला म्हणजे तो म्हणतोय, पुरे झालं.

आत फक्त १५० आहेत, नॉब १८० वर आहे आणि दिवा विझलेला आहे, हे दोन-तीन फेऱ्या टिकलं तर थर्मोस्टॅटची समजूत चुकली आहे. हा चुकणारा ओव्हन. पण आत तेच १५० आणि दिवा पाऊण तासानंतरही पेटलेलाच, तर थर्मोस्टॅट बिचारा अचूक ओळखतोय की उष्णता पुरेशी नाही. तो मागतोय आणि त्याला मिळत नाहीये. अशा वेळी थर्मोस्टॅट बदलून काय होणार? नवासुद्धा तेच मागत बसणार.

नॉब वाढवायची युक्ती एका ठिकाणी चालते आणि दुसऱ्या ठिकाणी का चालत नाही, तेही इथंच कळतं. चुकणाऱ्या ओव्हनला नॉब वाढवला की तो जास्त वेळ तापतो. कमी पडणारा ओव्हन आधीच पूर्ण वेळ तापतोय. त्याचा नॉब १८० वरून २२० वर नेला तरी कॉइलला एक वॉटही जास्त मिळत नाही. ‘नॉब फिरवून काही फरकच पडत नाही, म्हणजे थर्मोस्टॅटच गेला’ हे वाक्य मी फार ऐकते, आणि ते बरोबर उलटं आहे.

थोडाच कमी पडणारा ओव्हन शेवटी १८० गाठतो, दिवाही विझतो, फक्त फार उशिरा. पूर्वी बारा-पंधरा मिनिटांत विझणारा दिवा आता अर्धा तास घेत असेल, आणि दार उघडून ट्रे ठेवल्यावर पुन्हा बराच वेळ पेटून राहत असेल, तर तोही याच जातीचा. डिजिटल ओव्हनवर असा दिवा नसला, किंवा पहिल्यांदा तापेपर्यंतच दाखवणारा असला, तर जिन्याखालच्या मीटरकडं जा. मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो. कॉइल चालू असताना तो भराभर, बंद झाली की सावकाश.

त्या ठिपक्यावरून ओव्हन किती वीज खेचतोय तेही मोजता येतं, आणि एवढी सोपी गोष्ट मेकॅनिक कधीच करत नाहीत. एका युनिटला किती लुकलुका ते मीटरवर छापलेलं असतं, ३२०० किंवा १६०० असं काहीतरी. फ्रिज, गिझर, पंखे, सगळं बंद करा, ओव्हन तापवत ठेवा आणि एक मिनिट मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १०७ आल्या तर २ किलोवॅट. ८० च आल्या तर दीड. ओव्हनच्या दारामागच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा, मात्र तो सगळ्या कॉइल मिळून कमाल आकडा असू शकतो हे ध्यानात ठेवा.

वीज कमी खेचली जात असेल तर आधी व्होल्टेज बघा. २३० व्होल्टला २ किलोवॅट देणारी कॉइल २०० व्होल्टला दीडच देते, कारण वॉट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. संध्याकाळी दिवे मंद होणाऱ्या भागात सकाळी केक झकास होतो आणि रात्री बसतो, त्याचं कारण हेच. व्होल्टेज ठीक असेल तर एमसीबी पाडून मागची जोडणी उघडा. पिना काळ्या पडलेल्या, वायरचं आवरण कडक होऊन तडकलेलं, सॉकेटचं एक भोक तपकिरी झालेलं, यातलं काही दिसतंय का बघा. ३ किलोवॅटचा ओव्हन १३ अँपिअर खेचतो. तो एक्स्टेन्शन बोर्डवर लावणं हा निव्वळ धोका आहे, त्याला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंटच हवा.

कॉइल म्हातारी होऊन हळूहळू कमी तापते, हाही एक लाडका समज. कॉइल बहुधा चालते तरी, नाहीतर तुटते तरी. पण ओव्हनमध्ये खालची, वरची आणि पंख्याभोवतीची अशा वेगवेगळ्या कॉइल असतात. एक तुटली तरी दुसऱ्यांवर ओव्हन तापतो, दिवाही पेटतो, म्हणून लक्षात येत नाही. वरून करपलेला आणि खालून पांढरा केक म्हणजे खालची कॉइल तपासायची. एमसीबी पाडून, वायर काढून मल्टिमीटर लावा: २ किलोवॅटच्या कॉइलला २६ ओहमच्या आसपास, १२०० वॉटच्या कॉइलला ४४. तुटलेली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही.

वीज पूर्ण येतेय आणि तरी कमीच पडतोय, तर दार बघा. कागदाची पट्टी दारात धरून बंद करा आणि ओढा. चारी बाजूंना थोडी अडकायला हवी. जिथं सहज निसटते तिथून उष्णता पळतेय. ओव्हनच्या वरच्या लॅमिनेटला एका कोपऱ्यात पिवळट झाक आली असेल तर पट्टी लावायचीही गरज नाही. दाराचा गास्केट, म्हणजे कडेनं बसणारी सील, बहुधा थर्मोस्टॅटपेक्षा स्वस्त असतो आणि घरी बदलता येतो.

पावसाळ्यात बरेच दिवस बंद असलेला ओव्हन सुरू केल्या केल्या ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पाडतो, त्याचा यातल्या कशाशीच संबंध नाही. कॉइलमधल्या पावडरीनं ओल धरलेली असते. त्याला तापमानाचा बिघाड म्हणू नका.

आणि दिव्यानं चुकणारा ओव्हनच दाखवला तर? तरीही लगेच नवा थर्मोस्टॅट नको. मेकॅनिकल प्रकारात ओव्हनच्या आत तांब्या-स्टीलची बारीक नळी येते आणि तिच्या टोकाला पेन्सिलीएवढा बल्ब असतो. तो क्लिपमधून सुटून कॉइलजवळ लोंबकळत असेल तर त्याला आधीच गरम लागतं आणि तो लवकर बंद करतो. क्लिपमध्ये परत बसवला की काम झालं. बल्बावर तुपकट थर असेल तर पुसा, त्यानं वरखाली होण्याचा पल्ला वाढतो. नळी मुडपून आतला द्रव गेला तर मात्र बहुतेक थर्मोस्टॅट वीज तोडतच नाहीत आणि ओव्हन भडकत जातो. तेव्हा तो वापरू नका, तिथं बदलणं हाच उपाय. डिजिटल ओव्हनमध्ये सेन्सर असतो, अनेक मॉडेलांत पीटी १००० जातीचा, म्हणजे तापमान वाढलं की ज्याचे ओहम वाढतात असा. खोलीच्या तापमानाला त्याचे साधारण ११०० ओहम यायला हवेत. जोडणीला गंज धरून ४० ओहम जादा आले तरी ओव्हनला आत दहा-अकरा अंश जास्त आहेत असं वाटतं. अशा वेळी पिन घासून साफ करायची, बोर्ड बदलायचा नाही.

मेकॅनिकला बोलावताना ‘थर्मोस्टॅट गेलाय’ असं सांगू नका. नॉब कितीवर होता, आत सरासरी किती होते, दिवा किती मिनिटांनी विझला आणि मीटरवर किती लुकलुका झाल्या, हे चार आकडे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. थर्मोस्टॅट घ्यायचीच वेळ आली तर जुना काढून सोबत न्या. नळीची लांबी, बल्बाची जाडी आणि कमाल तापमान, तिन्ही जुळल्याशिवाय घेऊ नका. ‘चालतंय की, बसेल’ म्हणून दिलेला २५० चा ३०० च्या जागी बसवला की नॉबवरचा प्रत्येक आकडा चुकतो.