गेमिंग ड्रम किटमधील स्थिर विद्युत आणि संपर्कभंग

व्हिडिओ गेममध्ये ड्रम वाजवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक किटचा कन्सोलशी किंवा संगणकाशी असलेला संपर्क वादकाच्या अंगावर साठलेल्या स्थिर विद्युतप्रभारामुळे मध्येच तुटतो. वाजवणारी मंडळी याला सरळ ‘किट डिस्कनेक्ट होतं’ असे म्हणतात. गाणे ऐन भरात आलेले असते, किटवरचा दिवा विझतो आणि कंट्रोलर जोडण्याची सूचना पडद्यावर येते. कधी किट आपणहून परत येते, कधी यूएसबीची तार काढून पुन्हा खोचावी लागते. दोष किटमध्ये दिसत असला तरी त्याचे मूळ बहुतेक वेळा वादकाचा पाय आणि खोलीची जमीन यांच्या मध्ये असते. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी पायाखाली काय अंथरले आहे ते पाहावे. नाशिकसारख्या ठिकाणी, जिथे पावसाळा सरला की हवा कोरडी होत जाते, तिथे हा दोष ऋतूप्रमाणे येतो आणि जातो.

किटची रचना

ड्रम वाजवण्याचे खेळ आधी आर्केडमध्ये आले. कोनामी कंपनीचा ‘ड्रममॅनिया’ १९९९ मधला. घरोघरी किट पोहोचले ते नोव्हेंबर २००७ मध्ये आलेल्या ‘रॉक बँड’ या खेळामुळे. त्याच्या पहिल्या किटला चार पॅड, पायाचे एक पेडल आणि यूएसबीची तार होती. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘गिटार हिरो वर्ल्ड टूर’च्या किटला तीन पॅड आणि वर उचललेल्या दोन झांजा होत्या, आणि ते बिनतारी होते. आज ही किट जुन्या बाजारातून हस्तांतरित होत फिरतात. ‘क्लोन हिरो’सारख्या संगणकावरच्या खेळांना काही जण संगीतासाठीचे पूर्ण इलेक्ट्रॉनिक किटही जोडतात.

पॅडच्या खाली पितळेची पातळ चकती आणि तिच्यावर सिरॅमिकचा थर असतो. हा पिझो संवेदक. काठीचा दणका बसला की चकती किंचित वाकते आणि क्षणभर विद्युतदाब निर्माण होतो. तो मोजून आतली चिप ‘अमुक पॅड वाजला’ असा संदेश यूएसबीवरून पाठवते. पेडलची तार वेगळी असते. ती पट्टीपासून निघून थेट मुख्य सर्किटच्या पेटीत जाते. या लेखाच्या दृष्टीने किटमधला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, कारण ठिणगीला आत शिरायला याहून सोयीची वाट नाही.

दोष कसा घडतो

कंगवा केसांतून फिरवून कागदाचे कपटे उचलण्याचा शाळेतला प्रयोग सर्वांनी केलेला असतो. ड्रम वाजवणारा माणूस नकळत तोच प्रयोग तासभर करत असतो. टाच गालिच्यावर टेकलेली, चवडा पेडलवर वरखाली, खाली प्लॅस्टिकची खुर्ची, अंगात पॉलिस्टरची ट्रॅक पँट. प्रत्येक हालचालीत थोडे घर्षण होते, दोन पृष्ठभाग चिकटतात आणि सुटतात, आणि थोडा प्रभार अंगावर राहतो. वाहून जायला वाट नसली की तो साठत जातो. गालिच्यावरून चालण्याने अंगावर किती विद्युतदाब साठू शकतो याचे नेहमी दिले जाणारे आकडे बोलके आहेत : सापेक्ष आर्द्रता १० ते २० टक्के असताना ३५,००० व्होल्टपर्यंत, आणि ६५ ते ९० टक्के असताना सुमारे १,५००.

आकडा भीतिदायक असला तरी ऊर्जा नगण्य असते. माणसाच्या शरीराची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) चाचण्यांसाठी १०० पिकोफॅरड धरतात. त्या हिशोबाने १०,००० व्होल्टला साठलेली ऊर्जा अवघी पाच मिलिज्यूल भरते. माणसाला याने काही होत नाही, पण चिपची गोष्ट वेगळी. ठिणगीचा प्रवाह साधारण एका नॅनोसेकंदात शिखरावर पोहोचतो, आणि एवढ्या वेगवान झटक्याला सर्किटमधली प्रत्येक तार अँटेनासारखी वाटते. शिवाय सुमारे ३,००० व्होल्टच्या खालची ठिणगी माणसाला जाणवत नाही. ‘मला करंट बसलाच नाही, मग स्टॅटिक कसं?’ हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे.

झटका आत गेला की किटमधली चिप गोंधळते आणि नव्याने सुरू होते. यूएसबीच्या माहिती वाहणाऱ्या दोन तारांपैकी एक तार ‘मी जोडलेला आहे’ हे सांगण्यासाठी सुमारे ३.३ व्होल्टवर ओढून धरलेली असते. चिप बंद पडताच हा दाब सुटतो. दोन्ही तारा २.५ मायक्रोसेकंदांहून जास्त काळ शून्यावर राहिल्या की संगणक उपकरण निघून गेले असे मानतो. चिप नीट सुरू झाली तर किट दोन-चार सेकंदांत परत येते. कधी मात्र झटक्याने चिपच्या आत वीजपुरवठा आणि सर्किटची ‘जमीन’ (ग्राउंड) यांच्यात एक आडवाट उघडते आणि ती पुरवठा तोडल्याशिवाय मिटत नाही. तार काढून खोचल्यावरच किट जागे होते, त्यामागचे कारण बहुधा हेच.

नाशिकची हवा

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व अंगाला वसले आहे. जून ते सप्टेंबर पाऊस, मग थंडी. जिल्ह्यातल्या निफाडचा पारा तर इतका खाली जातो की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. किट तुटण्याचा हंगाम याच दिवसांत सुरू होतो.

येथे एक बारकावा आहे. दुपारची हवा सर्वांत कोरडी असते ती थंडीत नव्हे, मार्च-एप्रिलमध्ये. तरी थंडीतच हा दोष जास्त छळतो, कारण थंडीत माणूस बदलतो. पायात नायलॉनचे मोजे येतात, अंगात लोकरीचे किंवा फ्लीसचे जॅकेट येते, आणि गार फरशीवर गालिचा पसरला जातो. मार्चमध्ये तोच माणूस अनवाणी, सुती बनियनवर बसतो आणि शेजारी पाण्याचा कूलर घरघरत असतो. कूलर खोलीत ओलावा सोडतो आणि दोष आपोआप मंदावतो. एसीच्या खोलीत उलटे घडते, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो.

या शहराला ढोल नवा नाही. ‘नाशिक ढोल’ हे नाव मिरवणुकांमुळे राज्याबाहेरही गेले आहे. चामड्याच्या पानाला पावसाळी हवा बाधते : पान ओल धरते, सैल पडते आणि आवाज बसतो. रबरी पॅडच्या किटचे नेमके उलट. गणपतीच्या आधीच्या सरावाच्या दिवसांत ढोलवाला पानाची चिंता करतो, तेव्हा गेमिंग किट विनातक्रार चालत असते. पथकात वाजवलेले हात किटवर जरा जोरातच पडतात, आणि मग ‘जोरात मारल्यामुळे तुटतं’ असा समज होतो. जोराने झाळ (सोल्डरचा सांधा) निखळू शकते, चकतीची तार तुटू शकते. पण तेव्हा एखादाच पॅड मुका होतो, सबंध किट गायब होत नाही.

ओळख

सबंध किट नाहीसे होण्याची कारणेही अनेक असतात : ढिला पोर्ट, आतून तुटलेली केबल, एकाच हबवर लटकवलेली पाच उपकरणे, वीज वाचवण्यासाठी पोर्ट झोपवणारी संगणकातली सेटिंग. स्थिर विद्युतेचा संशय पुढच्या खुणांवरून घ्यावा. किट कोणी हात न लावता तासभर जोडलेले राहते, पण वाजवायला बसल्यावर तुटते. खुर्चीतून उठताना किंवा पेडलवर पाय ठेवताच तुटते. रात्री अंधारात जॅकेट काढताना चडचड आवाज येतो.

खात्री करायला पैसा लागत नाही. गालिचा गुंडाळून ठेवावा, फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि अनवाणी वाजवावे. नाशिकमधल्या जुन्या वाड्यांत आणि बैठ्या घरांत शहाबादी फरशी असते. ती जराशी ओलसर असली की प्रभार साठूच देत नाही. अशा फरशीवर अर्धा तास किट टिकले आणि गालिच्यावर पाच मिनिटांत तुटले, तर निदान झाले.

एक गफलत येथे हमखास होते. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात, त्याही ‘स्टॅटिक’ समजल्या जातात. ते तसे नसते. अर्थिंगची पिन नसलेल्या किंवा अर्थिंग न मिळालेल्या अडॅप्टरच्या आतल्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टच्या पुरवठ्यातला अगदी अल्प प्रवाह धातूच्या अंगावर येतो. स्थिर विद्युतेचा चटका एकदा बसून संपतो, झिणझिण्या मात्र हात असेपर्यंत येत राहतात. झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे. काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते तेव्हा जमिनीचा रोध वाढतो. म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालण्याची आणि उन्हाळ्यात पाणी ओतण्याची पद्धत आहे. पण अर्थिंग सुधारले की किट तुटणे थांबेल, अशी आशा धरू नये. अंगावरचा प्रभार जमिनीपर्यंत पोहोचायला त्याला आधी वाट हवी, आणि ती मोजा व गालिचा यांनीच बंद केलेली असते.

उपाय

सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत साधा आहे : मोजे काढणे, किंवा जाड सुती मोजे घालणे, आणि पॉलिस्टरचा गालिचा काढून सुती सतरंजी अंथरणे. इथे फ्लॅटमधल्या वादकाची खरी अडचण सुरू होते. पेडलचा धप्प आवाज खालच्या मजल्यावर जातो, म्हणून तो एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट टाकतो. शेजारी शांत होतो आणि किट तुटू लागते, कारण फोम उत्तम विद्युतरोधक आहे. फोम काढून भांडण ओढवून घेण्याची गरज नाही. त्याच्यावर सतरंजी पसरून तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा. पाण्यात थोडे फॅब्रिक कंडिशनर मिसळले तर परिणाम जास्त टिकतो, कारण त्यातले द्रव्य धाग्यांवर ओलावा धरून ठेवते. फवारा पॅडवर किंवा पेटीवर उडू देऊ नये.

यानंतरही तुटत असेल तर प्रभाराला मुद्दाम वाट करून द्यावी. मोबाइल दुरुस्त करणारे कारागीर मनगटाला जो पट्टा बांधतात त्याच्या तारेत १ मेगाओहमचा रोधक असतो. तेच तत्त्व येथे लागू पडते. पेडलवर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवून तिथून १ मेगाओहमच्या रोधकामार्फत एक तार संगणकाच्या पत्र्याच्या कॅबिनेटला जोडतात. १०० पिकोफॅरड आणि १ मेगाओहम यांचा गुणाकार १०० मायक्रोसेकंद होतो. म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्रभार कितीतरी वेळा ओसरून जातो, आणि हळू ओसरतो म्हणून ठिणगी पडत नाही. रोधक वगळू नये. चुकून तारेवर मेनचा दाब आला तरी तो प्रवाहाला ०.२३ मिलिअँपिअरपुरता आवळून धरतो. भिंतीतल्या सॉकेटच्या भोकात सुटी तार खुपसण्याचा उद्योग तर कोणीही करू नये. आणि पट्टी लावून वर नायलॉनचा मोजा चढवला, तर सगळा खटाटोप वाया जातो.

यूएसबीच्या तारेवर किटच्या टोकाजवळ फेराइटची कडी (वेगवान झटके अडवणारी चुंबकीय द्रव्याची कडी) लावणे हा तिसरा उपाय. तार कडीतून दोन-तीन वेळा वळवून घेतली की परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीन वेढ्यांना साधारण नऊपट. हा उपाय लोकप्रिय आहे, पण एकट्याने क्वचितच पुरतो, कारण ठिणगी पेडलच्या तारेने आत आली तर यूएसबीवरची कडी ती अडवत नाही. दुसरी कडी पेडलच्या तारेला लावावी. ही तार यूएसबीच्या तारेपासून दूर ठेवावी आणि उरलेली लांबी स्टँडच्या लोखंडी नळीला गुंडाळू नये.

पेटी उघडण्याची वेळ शेवटी येते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पॅनेल बांधणारे हात शहरात पुष्कळ असल्यामुळे हे काम करून देणारा माणूस शोधणे नाशिकला जड जात नाही. पेडलच्या जॅकवर आणि यूएसबीच्या माहिती-तारांवर दाब आवरणारे डायोड बसवतात. माहिती-तारांसाठीचा डायोड कमी धारितेचाच लागतो, नाहीतर संदेशच विकृत होतो. पिझो चकतीला समांतर १ मेगाओहमचा रोधक नसेल तर तोही लावतात. यूएसबीच्या केबलचे जाळीदार कवच पेटीत नुसते कापून सोडलेले आढळले, तर ते सर्किटच्या जमिनीला केबल आत शिरते तिथेच, आखूड तारेने जोडावे. लांब तार त्या वेगाच्या झटक्याला भिंतीसारखी वाटते.

पाच पिनांच्या मिडी जोडणीने (संगीतयंत्रे एकमेकांना जोडण्याची ठरलेली पद्धत) चालणाऱ्या किटांना हा त्रास कमी होतो. १९८३ पासूनच्या या पद्धतीत संदेश ग्रहण करणाऱ्या बाजूला प्रकाशाने जोडणारा घटक असतो, त्यामुळे दोन यंत्रांमध्ये तांब्याची सलग वाट राहत नाही. बिनतारी किटांत तारच नसते, तरी पेडलवरची ठिणगी आतल्या चिपला गाठतेच.

दुरुस्ती यशस्वी झाली की नाही हे कळायला ऋतू जुळावा लागतो. जुलैत केलेल्या दुरुस्तीनंतर किट तुटले नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. तेच मोजे आणि तोच गालिचा घेऊन डिसेंबरच्या एखाद्या कोरड्या दुपारी ते पुन्हा वाजवून पाहावे लागते.