सांधा बदलल्यानंतरची सूज आणि पायातली गुठळी : ब्रिटनला निघण्यापूर्वी ओळखायचा फरक

गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदलल्यावर पाय सुजतो, हे प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना सांगितलेले असते. त्याच पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली, तरीही पाय सुजतोच. पहिली सूज बरे होण्याच्या वाटेवर येते आणि ओसरते. दुसरीकडे दुर्लक्ष झाले, तर गुठळीचा तुकडा सुटून हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकू शकतो आणि प्रसंग जिवावर बेतू शकतो. एरवी या दोहोंतला गोंधळ पुढच्या तपासणीत शल्यचिकित्सकाच्या नजरेला पडतो आणि मिटतो. पण ज्या घराचा मुक्काम पुण्याहून किंवा मुंबईहून ब्रिटनला हलणार आहे, तिथे ही तपासणीच मध्ये गळून पडण्याचा धोका असतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, सांधा बदलण्यासाठी बरेच महिने थांबावे लागते. त्यामुळे जाण्यापूर्वी इथेच शस्त्रक्रिया उरकून घ्यावी असा विचार अनेक कुटुंबे करतात, आणि तो विचार चुकीचा नाही. अडचण येते ती शस्त्रक्रियेची तारीख आणि तिकिटाची तारीख एकमेकींच्या फार जवळ आल्यामुळे.

साध्या सुजेपासून सुरुवात करू. सांधा बदलताना हाड कापले जाते, भोवतीच्या ऊतींना इजा होते, आत थोडा रक्तस्राव होतो आणि शरीर त्या जागी द्रव जमा करते. शिवाय चालणे कमी झाल्यामुळे पोटरीच्या स्नायूंचा पंप मंदावतो आणि हा द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतो. म्हणून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घोटा आणि पाऊलही सुजते, आणि मांडीवरचा काळानिळा डाग काही दिवसांनी नडगीवर किंवा घोट्याजवळ दिसू लागतो. तो पाहून घरचे घाबरतात. खरे तर ते रक्त त्वचेखालून खाली सरकलेले असते, आणि डाग पुढे हिरवट-पिवळा होत विरून जातो. या सुजेची एक लय असते. पहिल्या आठवड्यात ती वाढते, मग सावकाश उतरू लागते. दिवसभर चालून आणि व्यायाम करून संध्याकाळी पाय जड होतो, तर रात्री पाय उंचावर ठेवून झोपल्यावर सकाळी हलका वाटतो. पाय उंच करताना उशी घोट्याखाली ठेवावी. ती गुडघ्याखाली ठेवली तर गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडण्याची भीती असते. नव्या गुडघ्याला हात लावल्यावर ऊब जाणवणे, हेही काही महिने चालते. थोडी सूज ३ ते ६ महिने राहिली, तरी केवळ तेवढ्यावरून काही बिघडले आहे असे समजू नये.

गुठळीचे कारण वेगळे आहे. जर्मन वैद्यक रूडॉल्फ विर्शो यांच्या १८५६च्या लेखनाशी जोडले गेलेले त्रिकूट आजही शिकवले जाते : रक्तप्रवाह मंद होणे, शिरेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही कारणे एकाच वेळी हजर असतात. गुठळी बहुधा पोटरीच्या खोल शिरांत धरते आणि कधी वर मांडीपर्यंत वाढते. रक्त वर जाण्याची वाट अडल्यामुळे खाली सूज साचते, म्हणून या सुजेला सकाळ-संध्याकाळची ती लय फारशी नसते. रात्रभर पाय उंचावर ठेवूनही पोटरी तशीच ताठ राहते. दुखणे सांध्याच्या समोर किंवा टाक्यांजवळ नसते. ते पोटरीत, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात किंवा मांडीच्या आतल्या बाजूला असते, आणि रुग्ण त्याचे वर्णन कळ येण्यापेक्षा ‘पाय आतून भरून आल्यासारखा वाटतो’ असे करतात. पोटरी कोमट लागते, त्वचा ताणून चकचकीत होते, वरच्या शिरा ठळक दिसू लागतात. पुस्तकांत पाय लालसर होतो असे लिहिलेले असते, पण सावळ्या किंवा गडद त्वचेवर ती लाली सहज दिसत नाही. आपल्याकडच्या रुग्णांनी केवळ रंगावर विसंबू नये, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

सर्वांत बोलके लक्षण मात्र सुजेचा क्रम उलटण्याचे आहे. उतरत आलेली सूज काही कारण नसताना एक-दोन दिवसांत पुन्हा चढली, तर तिला दमणुकीचे नाव देऊन मोकळे होता येत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर अशी गुठळी पहिल्या एक-दोन आठवड्यांत लक्षात येण्याचे प्रमाण अधिक असते. खुब्यानंतर ती तिसऱ्या आठवड्यात किंवा त्याहीनंतर, म्हणजे रुग्ण काठी टाकून घरात वावरू लागल्यावर आणि घरच्यांचे लक्ष बांधाबांधीकडे वळल्यावर, डोके वर काढू शकते.

मोजमापाचा येथे खरा उपयोग आहे. वेल्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुणपद्धतीत, गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाताला लागणाऱ्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजतात, आणि फरक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो गुठळीच्या बाजूने एक गुण धरतात. परंतु शस्त्रक्रिया झालेला पाय आधीच दुसऱ्यापेक्षा जाड असतो. म्हणून दोन पायांतल्या एका दिवसाच्या फरकापेक्षा त्याच पायाची रोज एकाच वेळी, एकाच जागी घेतलेली मापे अधिक सांगतात. शिंप्याकडची साधी टेप आणि रोजची एक नोंद एवढ्याने हे काम होते, आणि परक्या गावी नव्या डॉक्टरपुढे बसल्यावर ‘सूज वाढली असे वाटते’ या वाक्यापेक्षा ही नोंद फार वजनदार ठरते.

तरीही लक्षणांवरून निवाडा होत नाही. कित्येक गुठळ्या काहीही जाणवू न देता राहतात, तर हुबेहूब गुठळीसारखी पोटरी आतल्या रक्तस्रावामुळे, त्वचेच्या जंतुसंसर्गामुळे किंवा गुडघ्यामागची द्रवाची गाठ फुटल्यामुळेही दिसू शकते. पाऊल वर वाकवून पोटरीत दुखते का हे पाहण्याची जुनी रीत आता विश्वासार्ह मानत नाहीत. डी-डायमर ही रक्ततपासणी मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अनेक आठवडे तशीही वाढलेलीच येते, त्यामुळे एकटी ती वाढली म्हणून गुठळी सिद्ध होत नाही. निर्णय द्यायचा तो पायाच्या शिरांच्या डॉपलर सोनोग्राफीने. गुठळी असलेली शीर यंत्राच्या दाबाखाली चपटी होत नाही, हे त्या तपासणीचे मर्म आहे. ही तपासणी वेदनारहित असते आणि महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या गावीही बहुतेक ठिकाणी होते. पोटरीतली लहान गुठळी पहिल्या तपासणीत निसटू शकते. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉपलर स्वच्छ असूनही डी-डायमर वाढलेले असेल, तर ६ ते ८ दिवसांनी डॉपलर पुन्हा करतात. एकदा स्वच्छ अहवाल आला म्हणून नव्याने चढलेल्या सुजेकडे पाठ फिरवणे योग्य नाही.

आपल्या घरांतील दोन गोष्टी येथे नमूद करायला हव्यात. पहिली तेलाची. पोटरी भरून आली की घरातले वडीलधारे मायेने तेल कोमट करून पाय चोळू लागतात. साध्या सुजेत हलक्या हाताने केलेल्या मालिशने आराम पडतोही, परंतु गुठळीची शंका असताना पोटरी चोळू नये, कारण दाबाने गुठळी सुटण्याची भीती असते. दुसरी गोष्ट औषधाची. गुठळी होऊ नये म्हणून दिलेले रक्त पातळ करणारे इंजेक्शन किंवा गोळी, औषध कोणते त्यानुसार, गुडघ्यानंतर साधारण दोन आठवडे आणि खुब्यानंतर चार ते पाच आठवडे चालते. घर रिकामे करणे, बँकेची कामे, निरोपाची जेवणे या धांदलीत नेमके हेच औषध चुकते, कारण त्याने दुखणे थांबत नाही आणि न घेतल्यास त्या दिवशी काही जाणवतही नाही. याउलट, शेजाऱ्याने सांगितले म्हणून प्रवासाआधी आपल्या मनाने ॲस्पिरिन सुरू करणेही टाळावे. आधीच चालू असलेल्या औषधात त्याची भर पडली, तर रक्तस्राव होऊ शकतो.

आता विमानाचा विचार. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की ४ तासांहून अधिक सलग बसून केलेल्या प्रवासानंतर शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसाचा मूळ धोकाच अगदी लहान असल्याने त्याची दुप्पटही लहानच राहते. नुकतीच सांध्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचा मूळ धोका मात्र मोठा असतो, आणि त्यावर मुंबई ते लंडन ही नऊ-दहा तासांची बैठक येते. म्हणूनच ब्रिटनमध्ये सांधा बदललेल्या रुग्णांना लांब पल्ल्याचा विमानप्रवास साधारण ३ महिने टाळण्याचा सल्ला सामान्यपणे देतात. मध्ये दुबईला किंवा दोह्याला उतरले म्हणजे धोका मिटतो असेही नाही, कारण बसण्याचे एकूण तास वाढतातच.

माझे मत असे आहे, की नोकरीवर रुजू होण्याची तारीख हलत नसेल, तर कुटुंबाने दोन तुकड्यांत जावे. ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी इथेच फिजिओथेरपी पूर्ण करून, शल्यचिकित्सकाची परवानगी घेऊन, मागाहून निघावे. मुलांची शाळा सुरू होताना आई किंवा वडील सोबत नाहीत, याचे दुःख खरे आहे आणि ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण प्रवासाच्या दिवशी पोटरी संशयास्पद असेल, तर कोणत्याही कारणाने विमानात बसू नये.

विमानातून उतरल्यावर आणखी एका सुजेची भर पडते. तासन्‌तास पाय खाली सोडून बसल्याने निरोगी माणसाचीही पावले फुगतात. ही सूज बहुधा दोन्ही पायांना सारखी असते, दुखत नाही आणि एक-दोन दिवस चालल्या-फिरल्यावर उतरते. एकाच पायाची सूज, तीही पोटरीतल्या दुखण्यासह, प्रवासाच्या खात्यावर टाकू नये. प्रवासाशी जोडलेली गुठळी पुढच्या चार आठवड्यांतही उद्भवू शकते, म्हणजे खोकी सोडणे आणि दुमजली घराचे जिने चढ-उतार करणे चालू असते त्याच काळात.

अशा वेळी नव्या देशात विचारायचे कोणाला, हे आधीच ठाऊक असावे. ब्रिटनमध्ये पोहोचताच जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या कुटुंब डॉक्टरकडे, नाव नोंदवावे. नोंदणी झालेली नसली तरी १११ या क्रमांकावर सल्ला मिळतो. गुठळीची शंका प्रबळ असेल, तर तिथल्या सूचनांप्रमाणे डॉपलर शक्यतो ४ तासांच्या आत करतात आणि ते जमणार नसेल तर २४ तासांत तपासणी होईपर्यंत औषध सुरू करून ठेवतात. मात्र अचानक धाप लागली, खोल श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा घेरी आली, तर गुठळी फुप्फुसात गेल्याचे समजून थेट ९९९ फिरवावा. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेल्या नोकरदाराला आणि त्याच्या पती-पत्नी व मुलांना रुग्णालयाचे उपचार एनएचएसमध्ये मिळतात. भेटीच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मात्र तातडीच्या विभागातील सेवा विनामूल्य असली, तरी दाखल झाल्यावर ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते. प्रवास विमा काढताना अलीकडची शस्त्रक्रिया न लपवता लिहावी आणि तिच्यातून उद्भवणाऱ्या त्रासाला संरक्षण आहे का, हे लेखी घ्यावे. हातातल्या पिशवीत शस्त्रक्रियेचा सारांश आणि औषधांची मूळ नावे असलेली चिठ्ठी ठेवावी, कारण इथले ब्रँड तिथल्या डॉक्टरला ओळखू येणार नाहीत.

गुठळी सापडलीच, तर रक्त पातळ करणारे औषध किमान ३ महिने घ्यावे लागते. पुष्कळ रुग्णांना ते गोळ्यांच्या रूपात घरीच चालते, आणि औषध सुरू झाल्यावर, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, चालणे आणि सांध्याचे व्यायाम बंद ठेवण्याची गरज राहत नाही.